छपरावरच्या दोन आगी

दोलगोल
३ मार्च २००९

मास्तरीणबाई सुनिम,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. जायच्या रांगेत बरेच उभे आहेत, पण रांग सध्या पुढे सरकत नाही.

मी प्यो मानबोक. आपल्या दोलगोलच्या चार हिरव्या पानांच्या क्लबचा अध्यक्ष. हो, अजूनही. एकोणिसाव्या वर्षी निवडून आलो, त्यानंतर परत निवडणूक घ्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. क्लब गावच्या तरुणांचा. सध्या सगळ्यात तरुण सभासद सत्तावन्न वर्षांची आहे. तिला आम्ही ‘पोरगी’ म्हणतो आणि तंबू, सतरंज्या, टेबलं सगळं तिला उचलायला लावतो.

तर या वर्षी क्लबला पन्नास वर्षं झाली. एकोणसाठ साली तो शेतकी खात्याचा साहेब सायकलवरून बियाण्याची पिशवी घेऊन आला होता, आणि आपण फुकट बी मिळतंय म्हणून सभासद झालो होतो, ते आठवतं ना? जिल्ह्याच्या कचेरीने क्लबचा इतिहास छापून द्यायचं कबूल केलंय. चोवीस पानं, अध्यक्षाचा फोटो रंगीत. डुक्करपालन, खताच्या ढिगांची स्पर्धा, हिवाळ्यात वळलेले पेंढ्याचे दोर, हे सगळं मी लिहून काढलं. राहिलं बासष्ट सालचं उन्हाळी शिबिर. ते तू लिही. तू सचिव होतीस आणि तुला सगळं आठवतं, ही तुझी जुनी खोड आहे.

दोनच विनंत्या. संडासाच्या आगीचा उल्लेख नको, पुस्तक माझी नातवंडं वाचणार. आणि दगडाचा विषय नको. तसंही रस्ता रुंद होतोय, वेशीवरचा आपला तो जुना दगड काढावा लागणार आहे. कचेरी नवा देतेय, चारही अक्षरं बरोबर असलेला. १६ मेला त्याचं अनावरण. जुना आमच्या जॉमरेने मागून ठेवलाय, किमचीच्या रांजणांपाशी टेकून बसायला. बायकोला नाही म्हणायची माझी काय टाप!

दोन पानं पुरे. एप्रिलच्या आत पाठव.

तुझा
मानबोक


देजॉन
१२ मार्च २००९

माननीय तहहयात अध्यक्ष,

तुमचं पत्र सोबत परत पाठवते आहे. लाल शाईने चौदा ठिकाणी खुणा केल्यात, बघून घ्या. चौतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, आता हात ऐकत नाही. पेनही तेच आहे. नोकरी लागली तेव्हा गिलसूदादाने खाणीवरून पाठवलेलं. निब तीनदा बदललं, पण पेन तेच.

शिबिराचं लिहिते ना, का नाही लिहिणार! ऐका, असं लिहीन:

ऑगस्ट महिना, प्राथमिक शाळेचं मैदान, लष्कराने टाकून दिलेले सहा तंबू. त्यांना असा वास यायचा की डाससुद्धा आत यायला तयार नव्हते. आम्ही त्रेचाळीस जण. मुलगे ओढ्याच्या बाजूला, मुली शाळेच्या बाजूला, आणि मधोमध चटई टाकून गावातल्या पाच काकवा पहाऱ्याला. चार दिवस बार्लीचा भात आणि भोपळ्याचं पाणी, त्याला सूप म्हणायची आमच्यावर सक्ती होती. सकाळी उठून शपथ घ्यायची: डोकं ज्ञानाला, मन सदाचाराला, हात श्रमाला आणि शरीर आरोग्याला. शपथ संपली की अध्यक्ष प्यो मानबोक झाडाखाली जाऊन झोपायचे. झोपेतसुद्धा त्यांचा हात कपाळाशी असायचा, हे मात्र कबूल करायला हवं.

तिसऱ्या संध्याकाळी मशाली. चार गुणांच्या चार. श्रमाची मशाल अध्यक्षांकडे होती. भाषण ऐकता ऐकता त्यांनी ती मागच्या मागे टेकवली, ती नेमकी संडासाच्या गवती छपराला. आत गावचा मुखिया होता. तो दोन्ही हातांनी विजार धरून बाहेर पळाला आणि जिल्ह्याच्या साहेबांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. हे मी गाळणार नाही. तुमच्या नातवंडांना आजोबा कळायला नकोत का?

आता दगड. तुम्ही म्हणता विषय नको. मी म्हणते, तोच विषय.

आजकालच्या पोरांना जुनी चिनी अक्षरं येत नाहीत, म्हणून पुस्तकात समजावून सांगावं लागेल. दगडावर चार पानांचं चित्र आणि प्रत्येक पानात एक अक्षर: जी, दॉक, नो, चे. ज्ञान, सदाचार, श्रम, शरीर. पण ‘नो’ दोन आहेत. एक श्रमाचा ‘नो’, बारा रेघांचा. म्हातारे गू गुरुजी शिकवायचे ना, वर दोन आगी, त्याखाली छप्पर, छपराखाली जोर. आणि दुसरा ‘नो’ म्हणजे म्हातारा. सहा रेघा, काम खतम. आपल्या दगडावर कुठला आला?

साहेबांनी पांढरे हातमोजे घालून कापड ओढलं आणि गू गुरुजींनी खणखणीत आवाजात वाचलं, “ज्ञान, सदाचार, म्हातारा, शरीर!” मग ते वाकून म्हणाले, “पोरांनो, तरुणांच्या क्लबात आमचीही सोय केलीत, फार उपकार झाले.” अख्खं गाव हसून लोळलं. मीसुद्धा हसले. मग कुणीतरी ओरडलं, “बारा रेघांच्या जागी सहा! श्रमाचेच श्रम वाचवले पाथरवटाने!” आणि सगळे माझ्या भावाकडे बघायला लागले.

गिलसूदादा चोवीस वर्षांचा होता. बापाच्या हाताखाली दहा वर्षं छिन्नी मारलेली. त्याला चिनी अक्षरं वाचता येत नव्हती, कागदावर असेल ते हुबेहूब दगडावर उतरवायचं, एवढंच त्याचं काम. त्या दिवसापासून तो ‘अर्धा पाथरवट’. थडग्याच्या दगडाचं एकही काम त्याला मिळालं नाही. आपल्या बापाच्या नावात रेघा खाणारा माणूस कुणाला हवा असेल? दोन वर्षांनी तो पूर्वेला कोळशाच्या खाणीत गेला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी छातीत धूळ भरून गेला.

तर माझी अट एकच. कागद तुम्ही दिला होतात. कच्चा मी लिहिला, पण पक्का तुम्हीच लिहून दिला असणार, कारण तुम्हाला अध्यक्षपणाची खाज होती आणि नवा कुंचला मिळाला होता. चूक तुमची. ते पुस्तकात छापा: “नो चुकवला प्यो मानबोकने, पाथरवट मेंग गिलसूचा यात काही दोष नव्हता.” छापलंत तर दोन काय, दहा पानं लिहीन. दादाच्या मयताला मी हेच विचारलं तेव्हा तुम्ही स्वतःच्या बुटांकडे बघत होतात. या वेळी माझ्याकडे बघून उत्तर द्या.

मेंग सुनिम


दोलगोल
२५ मार्च २००९

सुनिम,

चौदा चुका मान्य. त्यातल्या तीन मात्र आमच्या भागातल्या बोलीच्या आहेत, त्यांना चुका म्हणशील तर आमची आई थडग्यातून उठून येईल.

इकडे बटाटे लावून झाले. थंडी अजून हटत नाही. पोरगीची कंबर धरली, त्यामुळे सतरंज्या कोण उचलणार हा मोठाच प्रश्न आहे. शाळेच्या मैदानात आता कुणीतरी मशरूमचे शेड टाकलेत. शेवटचं शिबिर अठ्ठ्याहत्तरला झालं होतं, अकरा जण आले होते, त्यातले सात सोलच्या कारखान्यात निघून जायच्या बेतात होते. त्यांना आम्ही मशाल दिली आणि दुसऱ्याच महिन्यात बसमध्ये बसवून दिलं. हेही लिहिलंय मी इतिहासात. मला वाटलं तू विचारशील.

राहिला दगड. अगं, सत्तेचाळीस वर्षं झाली. गू गुरुजी गेले, साहेब गेले, हातमोजेही गेले असतील. पुस्तक आनंदाचं आहे. त्यात कुणाची चूक आणि कुणाचा कागद हे काढलं तर लोक म्हणतील, म्हातारे भांडतायत. नवीन दगड येतोच आहे बरोबर अक्षराचा. मग झालं ना?

आणि तो कागद आता कुठे शोधणार? ~~गिलसूने तो माझ्याकडे दिला तेव्हाच~~ तो केव्हाच गहाळ झाला.

मुखियाच्या विजारीचं वाचून जॉमरे इतकी हसली की तिची कवळी निघाली. संडास छापला तरी चालेल, दगड तेवढा सोड.

मानबोक


देजॉन
१ एप्रिल २००९

अध्यक्ष,

खोडलेलं वाचायला मला पगार मिळायचा. चौतीस वर्षं मी हेच केलं. पत्र खिडकीच्या काचेवर धरलं, ऊन पडलं आणि सगळं दिसलं: “गिलसूने तो माझ्याकडे दिला तेव्हाच.” तेव्हाच काय? बोला की!

म्हणजे कागद आहे. म्हणजे माझ्या भोळ्या भावाने तो तुमच्या हातात दिला आणि तुम्ही दाबून ठेवलात! गावाने त्याच्या तोंडावर थुंकावं आणि तुम्ही रंगीत फोटोतला अध्यक्ष होऊन मिरवावं! आणि वर मला बटाटे सांगता? बटाटे घाला चुलीत!

मी आयुष्यात कुणाला इतकं वाईट बोलले नाही, बोलले असले तर पाचवी ‘ब’ ला. पण आता ऐका. दादा मेला तेव्हा त्याच्या खोलीत एक ट्रंक होती. त्यात छिन्न्या होत्या, तेल लावून, फडक्यात गुंडाळलेल्या. वीस वर्षं खाणीत काढली आणि छिन्न्या कधी गंजू दिल्या नाहीत. त्याला वाटत होतं, कुणीतरी बोलावेल. कुणीही बोलावलं नाही.

तो कागद मला पाठवा. नाही पाठवलात तर १६ मेला मी येते आणि नव्या दगडासमोर उभी राहून सगळं बोलते. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. एका वर्गात साठ पोरं असायची आमच्या वेळी, माइक नव्हता.

मेंग सुनिम


दोलगोल
९ एप्रिल २००९

सुनिम,

तू म्हणतेस तसंच होऊ दे. पान सातवर हे छापतोय. कचेरीतल्या पोराला आजच देऊन आलो:

“१९६२ च्या शिबिरात बसवलेल्या दगडावर श्रम या अर्थाचे अक्षर चुकले. ते चुकीचे अक्षर लिहून देणारा मी, प्यो मानबोक, तेव्हाचा अध्यक्ष. पाथरवट मेंग गिलसू यांनी दिले तसेच कोरले. त्यांचा दोष नाही. त्यांना झालेल्या त्रासाबद्दल मी गावासमोर माफी मागतो.”

बरोबर अक्षर कुठलं ते लोकांना कळावं म्हणून शेजारी मी स्वतः काढून दिलंय. त्याची नक्कल सोबत जोडली आहे.

कागद उंदरांनी खाल्ला. देवाशप्पथ खाल्ला. आता हा विषय इथेच थांबव, एवढं माझं ऐक.

शिबिराची पानं लवकर पाठव. छापखान्याला २५ तारखेपर्यंत हवीत.

मानबोक


देजॉन
१५ एप्रिल २००९

मानबोकदादा,

कितीतरी वर्षांनी दादा म्हणतेय तुम्हाला. माफीचा मजकूर वाचून रडले. मग डोळे पुसले आणि लाल पेन घेऊन दोन स्वल्पविराम घातले, ते तेवढे बघा.

खरं सांगू? जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. सकाळी मासळीवालीलासुद्धा सांगितलं, माझ्या भावाचं नाव शेवटी धुऊन निघालं. ती म्हणाली, बरं झालं, बांगडा देऊ का? बांगडा घेतला. घरी येऊन मजकूर परत वाचला आणि काहीतरी खटकायला लागलं.

एक म्हणजे तुम्ही इतक्या सहज कबूल केलंत. तुम्ही! ज्यांनी संडासाच्या आगीचं खापर वाऱ्यावर फोडलं होतं!

आणि दुसरं, तुम्ही काढून पाठवलेलं ते अक्षर. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. पण रेघा बाराच्या बारा आहेत. वरच्या दोन आगी एकमेकींच्या अंगावर पडतात, छप्पर वाकडं, पण चूक एकही नाही. मग आठवलं, गू गुरुजींकडे तुम्हाला एवढं एकच अक्षर यायचं. छपरावर दोन आगी म्हणून तुम्ही ते सगळ्या भिंतींवर कोळशाने काढत फिरायचात, आणि संडास पेटल्यावर आम्ही म्हणायचो, अध्यक्ष अभ्यास करतायत. जे एकमेव अक्षर येतं तेच माणूस चुकवेल का?

चुकवलं असेल. नवा कुंचला होता, घाई होती. मी उगाच खुसपट काढतेय, मास्तरकीची सवय.

शिबिराची सहा पानं सोबत आहेत. १६ मेला येते, भांडायला नाही, जेवायला. जॉमरेला सांगा, पेरिलाची पानं मुरवून ठेव म्हणावं.

सुनिम


दोलगोल
२२ एप्रिल २००९

सुनिम,

मी जॉमरे. लाल पेन बाजूला ठेव, मी चारच यत्ता शिकलेय आणि चश्मा नवऱ्याच्या नाकावर आहे.

हे पत्र टाकतेय हे त्याला माहीत नाही. तो बटाट्यात गेलाय. गेला महिनाभर जेवतानासुद्धा तुझीच पत्रं वाचत बसतो. पान सात छापायला दिलं त्या दिवशी घरी आला आणि म्हणाला, “सुटलो.” मी म्हटलं, “सुटला नाहीस, गाढवा, अडकलास. आता तुझी नातवंडं हेच वाचणार.” तो म्हणाला, “वाचू दे.” तेव्हा माझं टाळकं सणकलं.

उंदरांनी काही खाल्लेलं नाही. कागद माझ्या लग्नाच्या पेटीत आहे, लाल घागऱ्याच्या घडीत. लग्नाच्या वर्षी त्यानेच ठेवायला दिला आणि म्हणाला, हा कुणाला दाखवायचा नाही. मला वाटलं प्रेमपत्र आहे. म्हणून उघडलं. प्रेमपत्र असतं तर परवडलं असतं.

सोबत घातलाय. बघ. बसून बघ.

अक्षर तुझं आहे, सुनिम. कोपऱ्यात तुझी ती वेलबुट्टीसुद्धा आहे, जी तू सगळ्यावर काढायचीस.

तू पक्का म्हणतेस तो मानबोकनेही लिहिला होता. दोन्ही कागद गिलसूकडे गेले. त्याने मानबोकचा उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाला, हे दगडावर घातलं तर दगड रडेल. मग तुझा घेतला, कारण तुझं अक्षर सुंदर होतं. अख्ख्या पंचक्रोशीत सुंदर होतं. आपण आमच्या ओसरीवर बसलो होतो ती दुपार आठव. मी शेंगा सोलत होते, तू कागदावर लिहीत होतीस, आणि शेतकी साहेब अंगणात उभा होता, नवं घड्याळ घालून. तुझी अर्धी नजर त्याच्या मनगटावर होती. माझी पूर्ण होती, म्हणून मीही बघितलं नाही तू काय लिहिलंस ते.

दगडावरचं कापड काढलं आणि सगळे हसले, तेव्हा गिलसूने कमरेच्या तंबाखूच्या थैलीत हात घातला, हे मानबोकने पाहिलं. कागद बाहेर काढला असता तर तिथेच सुटला असता. त्याने कागद अर्धा वर काढला, बघितला, परत आत ठेवला. तेवढ्यात जिल्ह्याच्या साहेबांनी जेवणानंतर करायची घोषणा तिथेच उरकली, आठवतं ना कुणाचं नाव घेतलं? सुंदर हस्ताक्षराची हुशार मुलगी म्हणून शिक्षिका घडवणाऱ्या शाळेत कुणाला पाठवलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओढ्यावर मानबोकला भेटला आणि कागद हातात दिला. म्हणाला, “माझ्याकडे राहिला तर एखाद्या दिवशी राग येईल आणि मी दाखवीन. तू ठेव.” मानबोक म्हणाला, “अरे, पण तुला तर चिनी अक्षरं वाचता येत नाहीत. तुला काय माहीत चूक कुणाची?” तर गिलसू म्हणाला, “अक्षर वाचता येत नाही रे, पण अक्षर कुणाचं ते ओळखता येतं.” आणि म्हणाला, “ती शाळेत जाईपर्यंत बोलू नकोस.” मग तू शाळेत गेलीस, मग नोकरीला लागलीस, मग लग्न झालं, मग मुलं. बोलायची वेळ येईचना. मग तो गेला, आणि नवरा म्हणाला, आता वचन मोडायला परवानगी कुणाकडे मागू?

मी काही वचन दिलेलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

तू खूप रडशील. रड. मग जेवून घे. पेरिलाची पानं मुरत घातलीत.

जॉमरे


देजॉन
३० एप्रिल २००९

जॉमरे आणि मानबोकदादा,

हे पत्र लिहायला तीनदा बसले.

कागद टेबलावर ठेवला आणि नुसती बघत राहिले. ज्ञान, सदाचार, म्हातारा, शरीर. काय सुंदर काढलंय हो! सतरा वर्षांच्या मुलीने काढलेला इतका ठसठशीत ‘म्हातारा’ मी आयुष्यात पाहिलेला नाही. आणि खाली ती वेलबुट्टी! लाज वाटायला हवी होती त्या कार्टीला.

मी हसले होते त्या दिवशी. मीसुद्धा. माझ्या भावाकडे बोट दाखवून लोक हसत होते आणि त्यांच्यात मी होते. त्याने बघितलं असणार मला हसताना, कागद हातात धरून.

ते पेन आहे ना, लाल शाईचं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात आलं तेव्हा सोबत चिठ्ठी होती, साध्या कोरियन लिपीत, त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात: “पोरांच्या चुकांना फार रागावू नकोस. चूक कुणाचीही होते.” मी ती सगळ्या शिक्षिकांना दाखवली होती. म्हटलं, बघा, माझा अडाणी भाऊ मला शिकवणं शिकवतोय. किती हसलो आम्ही. चौतीस वर्षं त्याच पेनाने मी पोरांना झोडलं, मानबोकदादा. तुमच्यासुद्धा चौदा चुका काढल्या.

काल सकाळी पेनात शाई भरली आणि त्या कागदावरच्या तिसऱ्या अक्षराभोवती गोल केला. बाजूला बरोबर अक्षर लिहिलं, वर दोन आगी, छप्पर, खाली जोर. रेघा बाराच्या बारा, पण वाकड्या, अगदी तुमच्यासारख्या.

आता कामाचं. पान सात काढून टाका. छापखाना ओरडेल तर माझं नाव सांगा, मी ओरडते त्याच्यावर. त्या जागी हे घाला: “अक्षर चुकलं ते सचिव मेंग सुनिम हिचं. तिला हे सत्तेचाळीस वर्षांनी कळलं, आणि तोवर ती सगळ्यांना शहाणपणा शिकवत होती.” यात एकही शब्द कमी करू नका.

आणि कचेरीला सांगा, नवा दगड नको. जुनाच दहा हात मागे घ्या, रस्ता सोडून. जॉमरेला टेकायला दुसरं काहीतरी शोधू. अहो, क्लबात आता सत्तावन्नच्या खाली कुणी नाही, तिला तुम्ही पोरगी म्हणता! दगडावर आहे तेच बरोबर आहे. गू गुरुजींना आधीच कळलं होतं.

फक्त मागची बाजू कोरी आहे. तिथे दोन ओळी कोरायच्या आहेत. तुमच्या तिकडे आता पाथरवट उरला आहे का? दादाच्या छिन्न्या मी पार्सलने पुढे पाठवते. पाथरवटाने त्याच चालवाव्यात, एवढं त्याला सांगा.

मानबोकदादा, तुम्ही चाळीसहून जास्त वर्षं माझे टोमणे ऐकून घेतलेत. मयताला बुटांकडे बघत उभे राहिलात. मला तुमचं काय करावं कळत नाहीये. आल्यावर ठरवते.

सुनिम


दोलगोल
६ मे २००९

सुनिम,

जॉमरेशी मी तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी तिने जेवणच वाढलं नाही, म्हणून बोललो. शब्द मोडलाच आहे तर आता गिलसूला वर गेल्यावर काय सांगायचं ते तूच ठरव, तुला सगळं लिहिता येतं.

पान सात काढलं. छापखान्याने कुरकुर केली, मग तुझं नाव सांगितलं. तिथला मालक तुझ्या पाचवी ‘ब’ चा निघाला. लगेच पान बदलून दिलं बिचाऱ्याने.

कचेरीनेही ऐकलं. नवा दगड आपल्याला नको म्हटल्यावर त्यांना सुटल्यासारखं झालं, तो कुठल्यातरी बसस्टॉपला बसवतायत. आपला काल हलवला. खालून मातीत दोन गोगलगायी आणि गिलसूची तुटलेली एक छिन्नी निघाली. पोरगीने उचलून ठेवलीय, कंबर धरलेली असूनही.

पाथरवट मिळाला. शेजारच्या गावचा, तिशीतला. यंत्राने कोरतो म्हणाला. मी म्हटलं, यंत्र घरी ठेव, छिन्न्या येतायत. त्याला चिनी अक्षरं येत नाहीत. मी म्हटलं, काही हरकत नाही, आमच्याकडे अशाच माणसाची परंपरा आहे.

मागच्या बाजूचा मजकूर कागदावर काढलाय. पहिली ओळ तू पान सातसाठी दिलेल्या मजकुरावरून. दुसरी मी घातलीय, तुला न विचारता:

“अक्षर मेंग सुनिमचं, चुकलेलं.
कोरलं मेंग गिलसूने, बरहुकूम.”

पोरगा म्हणतो, १० तारखेला काम सुरू करतो. एकदा दगडावर गेलं की पुसता येत नाही, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे! कागद सोबत घातलाय. लाल पेनाने तपासून उलट टपाली पाठव. आणि सुनिम, या वेळी दोनदा बघ.

मानबोक